जव औषध म्हणून घेताय? या चुका टाळा

उन्हाळी लागली, मुतखडा निघाला, साखर वाढली, की पुण्यात कुणी ना कुणी जव सुचवतंच. सल्ला चुकीचा नाही. प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या विकारांच्या, रुग्णाने मुख्य अन्न म्हणून जव खावेत, असं चरकसंहितेतच सांगितलं आहे. पण ‘मुख्य अन्न’ एवढंच आपण नेमकं विसरतो. सकाळी जवाचं पाणी आणि दुपारी नेहमीच्याच चार पोळ्या, वर भात, अशाने साखर उतरत नाही. जव पोळी-भाताच्या जागी खायचे, जोडीला नाही.

दुसरी गफलत सातूच्या पिठाची. जवाला सातू म्हणतात खरं, पण आपल्याकडे सातूचं पीठ बहुतेक घरांत भाजलेले गहू आणि डाळं दळून करतात. खाऊ म्हणून ते उत्तमच. पण मधुमेहासाठी म्हणून तेच पीठ गूळ-दुधात कालवून खाल्लं, तर पोटात गहू आणि गूळच जातो. तयार पाकीट घेताना मागे छापलेले घटक वाचा.

आता पाण्याबद्दल. दोन चमचे जव लिटरभर पाण्यात मंद आचेवर दाणा फुटेपर्यंत शिजवले की पाणी गढूळ आणि किंचित बुळबुळीत होतं. हा बुळबुळीतपणा म्हणजे बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू. कोलेस्टेरॉल कमी करण्यात त्याचा हात असतो, पण त्यासाठी तो दिवसाला सुमारे ३ ग्रॅम पोटात जावा लागतो. म्हणजे साधारण अर्धी वाटी कोरडे जव. दोन चमच्यांचं गाळलेलं पाणी तिथवर पोचत नाही, शिवाय बराचसा तंतू गाळणीतल्या चोथ्यात राहतो. तो टाकू नका. आमटीत घाला, नाहीतर खिचडीत. पॉलिश केलेल्या पांढऱ्या जवांतही हा तंतू बराच टिकून असतो, त्यामुळे तेवढेच मिळाले तर अडून बसू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे पाणी लवकर आंबतं, म्हणून फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. साखर नको. लिंबू पिळा, मीठ मात्र बेताचं, कारण जास्त मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं आणि खडा होणाऱ्यांना तेच नको असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मुतखड्याचीच. जवाचं पाणी पिऊन लघवी वाढते, आग कमी होते, लहान खडा वाहून जायला मदतही होते. मोठा, अडकलेला खडा त्याने विरघळत नाही. कंबरेत कळ आणि जोडीला थंडी वाजून ताप, किंवा लघवी बंद, अशी लक्षणं दिसली तर पातेलं गॅसवर चढवत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. आणि ज्यांना मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी लिटरभर जवाचं पाणी परस्पर सुरू करू नये.

जवखार म्हणजे जव नव्हे. जवाचं झाड जाळून त्याच्या राखेतून हा क्षार काढतात आणि त्यात पोटॅशियम भरपूर असतं. काष्ठौषधीच्या दुकानात तो पुडीत सहज मिळतो, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वैद्यांनी तपासून मात्रा ठरवली तरच घ्यावा.

जवात ग्लुटेन हे गव्हातही असणारं प्रथिन असतं. ते ज्यांच्या आतड्याला सोसत नाही, त्या सीलिॲक आजाराच्या रुग्णांना गव्हाइतकेच जवही वर्ज्य.

इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना पोळी-भात काढून जव आणलात, तर साखर खाली येऊ शकते. सुरुवातीला ती जास्त वेळा तपासा, डॉक्टरांना कळवा, गोळी स्वतःहून बंद करू नका. जव वातुळ आहेत, एकदम वाटीभर खाल्ले तर पोट फुगतं. पहिला आठवडा चार चमच्यांवर ठेवा आणि पाणी भरपूर प्या. भाकरी तुटत असेल तर पिठाची उकड काढा किंवा निम्मी ज्वारी मिसळा. आणि गिरणीत देण्याआधी जव सडून, म्हणजे कांडून टरफल काढून घ्या, नाहीतर पिठात कुसं येतात आणि ती घशाला टोचतात.