कारखान्यात नवीन मशीन आणताय? आधी कटिंगच्या बायकांशी बोला

वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ, कुठेही जा, काजूचा छोटा कारखाना सापडतोच, आणि हल्ली बऱ्याच मालकांच्या डोक्यात एकच विषय आहे, काजूबीचं टरफल कापून गर काढणारं ऑटोमॅटिक कटिंग मशीन. कर्ज मंजूर होतं, मशीन येतं, पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटतात आणि महिन्याभरात मशीनवर ताडपत्री पडते, बायका परत जुन्या कटरवर. मग मालक चहाच्या टपरीवर सांगत फिरतो की आमच्याकडच्या माणसांना नवीन काही नकोच असतं. मला हे अजिबात पटत नाही. बहुतेक वेळा बायकांनी हिशोब केलेला असतो आणि तो मालकापेक्षा पक्का असतो.

तो हिशोब काय ते नीट बघा. जुन्या कटरवर एका हाताने वाफवलेली बी पात्यात धरायची, दुसऱ्या हाताने आणि पायाने दाब द्यायचा, पाय किती दाबायचा हे कोणी शिकवत नाही, ते अंगात भिनायला वर्ष जातं. पैसे किलोवर. अख्खा गर निघाला तर चांगला दर, पाकळी नाहीतर तुकडा झाला तर कमी. टरफलाच्या तेलाने हाताची चामडी जाते ती वेगळीच. आता अशा बाईला तुम्ही नवीन मशीनवर उभी केलीत की सुरुवातीला तुकडा वाढणार, म्हणजे तिचा पगार पडणार, पण बचत गटाचा हप्ता काही थांबत नाही. वर काल कामाला लागलेली पोरगी आणि ती एकाच पायरीवर, म्हणजे इतक्या वर्षांचा मान पण गेला. तिने कशासाठी हो म्हणायचं सांगा?

म्हणून पहिलं काम म्हणजे वही घ्या आणि एकेका माणसासमोर लिहा की या बदलात त्याचं काय जातंय. पैसे, वेळ, मान, सोय. शेजारणीबरोबर बसून गप्पा मारत काम करणं ही पण सोयच आहे, मशीनच्या आवाजात ती जाते. ही वही भरल्याशिवाय मिटिंग लावू नका.

हे मी हवेत बोलत नाहीये. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये हारवूड म्हणून पायजमे शिवणारी कंपनी होती, तिथे पण नगावर पैसे आणि कामाची पद्धत बदलली की लोक चिडायचे, सोडून जायचे. कोच आणि फ्रेंच या दोघा संशोधकांनी तिथे प्रयोग केला, तो १९४८ साली छापून आला. एका गटाला फक्त सांगितलं की उद्यापासून असं करायचं, त्यातले १७ टक्के पहिल्या ४० दिवसांत नोकरी सोडून गेले आणि उरलेल्यांचं उत्पादन पडलं ते वर आलंच नाही. ज्या गटांत सगळ्यांनाच नवीन पद्धत आणि दर ठरवायला बसवलं ते लवकर सावरले आणि आधीपेक्षा जवळपास १४ टक्के वर गेले, सोडून कोणीच गेलं नाही. त्याच कंपनीत येणंजाणं असलेला कर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ म्हणायचा की मागून जोर वाढवू नका, पुढे जे अडतंय ते काढा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, आधी भाषण, मग बोनसचं आमिष, मग दम.

मिटिंग ऑफिसात घेऊ नका. कटिंगच्या शेडमध्येच, चहाच्या वेळी, आणि मालकाने कमी बोलायचं. एक लक्षात ठेवा, आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. 'होय होय, बघूया' आलं की समजायचं विषय पटलेला नाही. उलट कोणी तावातावाने भांडलं तर बरं, निदान खरं काय ते बाहेर आलं. आणि आधी सुपरवायझरला नाही, तर जिचा शब्द बाकीच्या मानतात त्या काकींना गाठा, प्रत्येक शेडमध्ये अशी एक असतेच. तिला आणि अजून दोघींना घेऊन जिथे असं मशीन चालू आहे तिथे जा आणि तिथल्या बायकांशी त्यांना एकटं बोलू दे. तुम्ही बाहेर थांबा, तिथे तुमचं काही काम नाही.

मग ज्या शंका येतील त्या विरोध म्हणून खोडू नका, लिहून घ्या, त्यातल्या निम्म्या फुकटातला सल्ला असतात. 'लाईट गेली तर आमचो दिवस कोण भरतलो?' हा प्रश्न येणारच आणि तो बरोबरच आहे. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती, आणि पावसाळ्यात लाईट जायला वादळच लागतं असं कुठाय. दुसरी शंका बीच्या साईझची. वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीची बी साधारण १० ग्रॅमची, गावठी त्यामानाने बारीक, हाताने काम करणारी बाई बी बघून दाब बदलते, मशीन बदलत नाही. म्हणजे आधी बी साईझप्रमाणे वेगळी करावी लागणार, ते कोण करणार आणि त्याचे पैसे काय, हे मशीन विकणारा सांगेल न सांगेल, कटिंगवाली पहिल्या दिवशी विचारेल.

आता मुख्य, पैसे. शिकायच्या काळात प्रत्येकीला मागच्या तीन महिन्यांची जी सरासरी कमाई असेल तेवढी द्यायचीच, तुकडा कितीही होवो, आणि हे कागदावर सही करून द्या, कधीपर्यंत ते पण लिहा. नवीन दर मशीन नीट चालल्यावर, प्रत्यक्ष आलेला माल समोर ठेवून, त्यांना बसवून ठरवा. माणसं कमी लागणार असतील तर ते पण पहिल्याच दिवशी सांगा, कोणाला सोलायला, कोणाला ग्रेडिंगला घेणार ते नावानिशी. 'कोणालाच काढणार नाही' असं गोड बोलून नंतर काढलंत तर पुढची दहा वर्षं गावात तुमच्या शब्दाला किंमत नाही. शिवाय मजुरीसारख्या अटी बदलायच्या तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि २०२० च्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत पण आहे, तुमच्या युनिटला नक्की काय लागू होतं ते कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाला विचारून घ्या.

वेळ चुकवली तर वरचं सगळं वाया. मार्च ते मे बीचा सीझन, जून-जुलै लावणी, मग गणपती, तेव्हा चाकरमानी घरी आलेले, कोणाचं लक्ष नसतं. भात कापून घरात आलं की सुरू करा आणि शिमग्याच्या आत संपवा. मधे आंगणेवाडीची जत्रा असते, तो दिवस धरूच नका.

सुरुवात एकाच मशीनवर, ज्या आपणहून येतील त्यांच्याबरोबर. फळ्यावर किलो आणि अख्ख्या गराचं प्रमाण लिहा, नावं लिहू नका, नाहीतर दुपारपर्यंत भांडण. सुपरवायझरवर पण लक्ष ठेवा, त्याचा विरोध आवाज न करता चालतो. हिशोबाची वही त्याच्या हातून मशीनच्या मीटरवर जाणार असते, त्यामुळे 'आज पातं बसत नाही' हे त्याच्याकडून जरा जास्तच ऐकू येतं. त्याला मशीनच्या मेंटेनन्सचं ट्रेनिंग द्या, वही गेली तरी पाना हातात आला की निम्मं दुखणं जातं.

सगळं करून पण एखादी साठीला आलेली काकी म्हणेल, माका नको ता मशीन. नको तर नको, तिला जुन्या कटरवरच राहू दे, लाईट जाईल त्या दिवशी माल तीच काढणार आहे. पण जी स्वतः करत नाही आणि करणाऱ्या पोरींना टोमणे मारून रडवते तिच्याशी एकदा बाजूला घेऊन स्पष्ट बोला, चार जणींसमोर नाही. आणि भंगारवाला दारात आला म्हणून जुने कटर लगेच काढू नका, निदान एक पावसाळा जाऊ दे, त्यातले किती ठेवायचे ते पण शेडमध्येच विचारा.