तरंगांच्या गणितात तेच ते गोंधळ: या चुका टाळा

अकरावीच्या एका चाचणीत मी ध्वनितरंगाचा आलेख दिला होता. आडव्या अक्षावर काळ, एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंत ४ मिलिसेकंद, वेग ३४० मीटर प्रतिसेकंद. वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती दोलनं, ती काढा. निम्म्याहून जास्त वर्गाचं उत्तर: ८५ हर्ट्झ. ३४० भागिले ४! भाग नि:शेष गेला, मग शंका कोण घेतो? एक पठ्ठ्या तर क्लासच्या छापील नोट्स घेऊन भांडायला आला. नोट्समध्येही तीच चूक.

अरे, काळाच्या अक्षावर लांबी कशी सापडेल? ४ मिलिसेकंद हा दोलनकाल, एका दोलनाला लागणारा वेळ. वारंवारता १ भागिले ०.००४ सेकंद, म्हणजे २५० हर्ट्झ. तरंगलांबी, म्हणजे दोन लगतच्या उंचवट्यांमधलं अंतर, ३४० भागिले २५०, म्हणजे १.३६ मीटर. अंतराचा आलेख म्हणजे लाट धावणाऱ्या अख्ख्या दोरीचा एका क्षणी काढलेला फोटो. काळाचा आलेख म्हणजे दोरीवरच्या एकाच ठिपक्याची हजेरी. दिसायला जुळे भाऊ, म्हणून मी आजही आधी अक्षावरच्या एककाला लाल पेन्सिलीने गोल करतो, मगच पेनाचं टोपण काढतो. वेग = वारंवारता × तरंगलांबी हे सूत्र लक्षात ठेवायचा तो त्रिकोण अंगठ्याने झाकून सूत्र काढणाऱ्यांना एवढाही धीर नसतो.

दुसरा गोंधळ याच आलेखातून येतो. रेघ वरखाली दिसते, म्हणून हवेचे कणही वरखाली हलतात असं पोरं धरून चालतात. ध्वनी हवेत अनुतरंग असतो. कण तरंगाच्या दिशेतच मागेपुढे होतात. लांब स्प्रिंग फरशीवर ताणा, एका वेढ्याला लाल दोरा बांधा आणि टोकाला धक्का द्या. दोरा थोडा पुढे जाऊन जागेवर येतो, दाब मात्र पार पलीकडे पोचतो. हे पाच मिनिटांचं काम व्हिडिओ बघून उरकू नका.

आयाम, म्हणजे कणाचं जास्तीत जास्त सरकणं, मधल्या रेषेपासून मोजा, उंचवट्यापासून खोलगटापर्यंत नाही.

जोरात ओरडल्याने आवाज लवकर पोचत नाही.

ध्वनी हवेतून पाण्यात गेला तरी वारंवारता तीच राहते, ती स्रोत ठरवतो. वरचाच २५० हर्ट्झचा आवाज पाण्यात सुमारे १,४८० मीटर प्रतिसेकंदाने जातो आणि तरंगलांबी जवळपास ६ मीटर होते.

आणि समुद्राच्या लाटेला डोळे झाकून अवतरंग, म्हणजे कण तरंगाच्या दिशेला काटकोनात हलतात तो तरंग, म्हणू नका. खोल पाण्यात पृष्ठभागावरचे कण जवळजवळ वर्तुळात फिरतात, वरखालीही आणि मागेपुढेही.