जुन्या एंटरप्राइज होडीचा डेक: आधी भोकं, मग व्हार्निश

शिडाच्या होडीच्या डेकचं, म्हणजे तिच्या वरच्या पृष्ठभागाचं, काम काढलं की जो तो पहिला प्रश्न विचारतो, व्हार्निश कोणतं घेऊ? व्हार्निश अगदी शेवटी. प्लायच्या डेकला सपाट भागावर पडलेल्या पाण्याने फारसं काही होत नाही. पाणी शिरतं स्क्रूच्या भोकांतून आणि प्लायच्या उघड्या कडांतून, आणि मग थराथरांत पसरत जातं. वरून लखलखीत आणि खालून भुगा, असे डेक मी बरेच पाहिलेत. त्यामुळे खाली व्हार्निशपेक्षा भोकांबद्दलच जास्त लिहिलंय.

माझी होडी एंटरप्राइज आहे. होड्यांचे डिझाइनर जॅक होल्ट यांचं 1956 सालचं डिझाइन, 13 फूट 3 इंच लांब, निळी शिडं, चालवायला दोघं. घरच्या घरी प्लाय कापून बांधता यावी असाच तिचा आराखडा, त्यामुळे दुरुस्तीलाही बोटयार्ड लागत नाही. माझं काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालतं. (सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, वासावरून तक्रार येणारच.) माझा डेक 4 मिमी प्लायचा आहे. तुमचा 6 मिमीचा असेल तर पुढची मापं त्या हिशेबाने वाढवा.

मुंबईत हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच करा. पावसाळ्यात होडी वर काढलेली असते, हाताशी वेळ असतो, म्हणून मोह होतो. पण ओल्या लाकडावर इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा, वाळून कडक होणारा गोंद) मारणं म्हणजे ओल आत कोंडून ठेवणं.

सुरुवात तपासणीने. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळा डेक ठोकत जा. चांगलं लाकूड टणटण वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. जिथे आवाज बदलेल तिथे खडूने रेघ मारा आणि दाभण टोचून बघा. सहज आत गेलं तर तो भाग गेला म्हणून समजा. डोलकाठीच्या तारा जिथे डेकला येतात त्या पट्ट्यांभोवती, हॅचच्या (डेकमधल्या झाकणाच्या तोंडाच्या) कडेला, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि काठावरच्या सागाच्या पट्टीखाली आधी बघा. स्क्रूभोवती काळा डाग म्हणजे तिथून पाणी जातंय. हॅचमधून मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा घालून डेकची खालची बाजूही बघा. खरी हकीकत तिथे कळते.

मग डेकवरचं सगळं काढा. हो, सगळं. आमचे सुतार म्हणाले होते, "ताई, एवढं उघडायचं? वरून पॉलिश मारून देतो की." फिटिंगच्या भोवतीने व्हार्निश फिरवलं तर पाण्याची वाट तशीच राहते. जाम झालेल्या स्क्रूची खाच आधी टोकदार खिळ्याने साफ करा, मग तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा. आतला जुना गोंद सैल होतो आणि स्क्रू मुकाट्याने फिरतो. प्रत्येक फिटिंगचा फोटो, प्रत्येकाची वेगळी पिशवी.

जुनं व्हार्निश हीट गन आणि स्क्रेपरने उतरवा. बेल्ट सँडर लांब ठेवा. 4 मिमी प्लायचा वरचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. मशीन जरा रेंगाळलं की खालचा आडवा थर दिसायला लागतो आणि तो डाग कशानेही झाकत नाही. स्क्रेपरला मधूनमधून कानस मारत राहा. शेवटी हाताने 120 चा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेनेच.

आता डेक गोड्या पाण्याने धुवा. धुऊन मग वाळवायचं हे उलटं वाटेल, पण लाकडात मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं. मग हॅच उघडे ठेवून सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या. ओलावा मोजायचं मीटर असेल तर 12 टक्क्यांच्या आसपास थांबा. मीटर नसेल तर पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवा. आतून दव धरलं तर अजून थांबा.

कुजलेला भाग कापताना हात आखडू नका. टोचून पाहिल्यावर जिथे घट्ट लागलं, त्याच्याही पुढे पाचेक सेंटिमीटर जा. करवतीची खोली बरोबर 4 मिमीवर लावा, नाहीतर खालची आडवी पट्टी कापली जाईल. भोकाचे कोपरे गोल ठेवा.

ठिगळासाठी आयएस 710 चा शिक्का असलेला मरीन प्लाय आणा. या मानकात प्लाय 72 तास उकळून तपासतात. तरी दुकानात कड बघूनच घ्या. थरांत पोकळी दिसली तर शिक्का असूनही नको. ठिगळ आणि डेक, दोघांच्याही कडा तिरप्या कराव्या लागतात. उतार एकास आठ, म्हणजे 4 मिमी जाडीला 32 मिमी रुंद. हे ऐकायला अवघड, पण प्लाय स्वतःच मोजमाप दाखवतो. रंधा फिरवत गेलात की उतारावर थरांचे पट्टे उमटतात, एक फिका, एक गडद. पट्टे सरळ आणि समांतर दिसले की उतार बरोबर. पट्टा कुठे पोटासारखा फुगला तर तिथे जास्त घासलं गेलंय. एवढी चिकाटी नसेल तर कडा सरळ कापा आणि खालून चारी बाजूंना प्लायची आधारपट्टी चिकटवा, जोडाच्या दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर येईल अशी. ताकदीला हेही चालतं.

इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर वजनाने दिलंय की मापाने, हे नीट वाचा. दोन्ही आकडे वेगळे असतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा उत्तम. थोडं थोडं कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. खोल डब्यात ठेवलंत तर आपल्याच उष्णतेने तापून धूर सोडतं. पाच मिनिटांत आवळणारा इपॉक्सी इथे नको, तो पाण्यात टिकत नाही. हातमोजे घाला, आणि घासताना मास्क.

आधी दोन्ही कडांना नुसतं पातळ इपॉक्सी पाजा. लाकूड पिऊन कोरडं दिसलं तर पुन्हा पाजा. चिकट झालं की चाळलेला सागाचा बारीक भुसा घालून घट्ट केलेलं इपॉक्सी लावा आणि ठिगळ बसवा. वर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक, त्यावर फळी, आणि फळीतून तात्पुरते स्क्रू. प्लास्टिकला इपॉक्सी चिकटत नाही, दुसऱ्या दिवशी सगळं सुटून येतं.

दमट हवेत सकाळी पृष्ठभागावर मेणचट थर आलेला दिसेल. तो साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने धुऊन टाका, मगच घासा. तसंच घासलंत तर तो मेण पेपरने आत रगडला जातो आणि पुढचा हात धरत नाही.

आता भोकं. 4 मिमी स्क्रूचं भोक 8 मिमीपर्यंत मोठं करा. खालून टेप लावा, कान कोरायच्या काडीने भोकाची भिंत पातळ इपॉक्सीने भिजवा, मग घट्ट इपॉक्सीने काठोकाठ भरा. वाळल्यावर त्याच्या मधोमध नवं 4 मिमीचं भोक पाडा. आता स्क्रूच्या भोवती सगळीकडून इपॉक्सीची भिंत आहे. उद्या फिटिंगखालचं सीलंट (फट बुजवणारी लवचिक लुकण) सुटलं तरी पाणी प्लायपर्यंत पोचत नाही. प्रत्येक भोकाला हेच, कंटाळा आला तरी. हॅचच्या कापलेल्या कडा पिणं थांबेपर्यंत पाजत राहा, आणि हात पोचेल तिथवर डेकच्या खालच्या बाजूलाही दोन हात द्या.

वेळेची एक गोष्ट. इपॉक्सी संध्याकाळी मारा, व्हार्निश सकाळी. ऊन चढताना लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि इपॉक्सीत बुडबुडे धरतात. गार होताना तीच हवा आकसून इपॉक्सी आत ओढते. व्हार्निशचं उलट: दुपारनंतर मारलंत तर रात्रीच्या दवाने चकाकी मरते.

नुसतं इपॉक्सी उन्हात टिकत नाही, पिवळं पडून पिठूळ होतं. त्यावर अतिनील किरण अडवणारं मरीन व्हार्निश हवंच. फर्निचरचं मेलामाइन पॉलिश होडीवर नको, कडक असल्याने तडकतं. मांडव्याच्या एका कोळीकाकांनी मला काजूच्या टरफलाचं तेल सुचवलं होतं. त्यांच्या होडीला ते उत्तम आहे, पण आपल्याला वर व्हार्निश चढवायचंय, आणि तेलकट लाकडावर ते धरत नाही. उघड्या लाकडावर मारत असाल तर पहिला हात निम्मा थिनर घालून, दुसरा पाव, नंतर घट्ट. इपॉक्सीवर मारताना एवढं पातळ करायची गरज नाही, पण आधी 220 च्या पॉलिश पेपरने घासून धुरकट करा. पाच-सहा हात, प्रत्येकाच्या मध्ये हलकी घासणी. ब्रश फिरवण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ बसते.

पाय जिथे पडतात तिथे घसरू नये म्हणून शेवटच्या ओल्या हातावर साखर भुरभुरा. पक्कं वाळल्यावर कोमट पाण्याने धुतलंत की साखर विरघळते आणि खडबडीत पृष्ठभाग उरतो. वाळूपेक्षा हे गुडघ्यांना सोसवतं. मुंग्या येतात, त्या जातातही.

फिटिंग परत बसवताना 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे स्क्रू-नट घ्या. खाऱ्या पाण्यात पितळ आतून पोकळ होत जातं. सीलंट पॉलिसल्फाइड. व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकोन नको. भोकाचं तोंड वरून जरासं रुंद करा, म्हणजे सीलंटचं कडं तिथे बसेल. आधी बेताचंच आवळा, नाहीतर सगळं बाहेर पिळून येतं. एखाद दिवसाने वरचा स्क्रू घट्ट धरून खालून फक्त नट अर्धा फेरा फिरवा. स्क्रू फिरवलात तर नुकतं धरलेलं सीलंट तुटेल.

पुढे दर वर्षी, होडी पावसाळ्यासाठी वर काढली की व्हार्निशचा एक हात. ताडपत्री डेकला टेकू देऊ नका, खाली बांबू घालून उंच करा आणि दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी सोडा. हॅच उघडे. पावसाचं गोडं पाणी डेकला समुद्राच्या पाण्याहून वाईट, कुजवणारी बुरशी त्यातच वाढते.