रीजन्सी प्रेमकथेचं ऑडिओबुक घेण्याआधी

रीजन्सी प्रेमकथा म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या उमरावांच्या प्रेमकथा. नमुन्याची पाच मिनिटं फुकट ऐकता येतात, ती घरात ऐकू नका. रिबंदर-चोडण फेरीबोटीत इंजिनाशेजारी उभं राहून ऐका, नाहीतर पणजी-मडगाव बसमध्ये. या कथांचा जीव कुजबुजीत असतो. नृत्याच्या दालनात नायिका हळूच टोमणा मारते आणि तोच इंजिनाच्या घरघरीत बुडाला, तर पुढचा अर्धा तास कोण कोणावर रुसलंय ते कळत नाही. आवाज वाढवला की लगेच कथेतल्या आत्याबाईचा आरडाओरडा कानात घुसतो. मागचा आवाज अडवणारा इअरफोन असला तर बरंच निभावतं.

मग उच्चार तपासा. ‘व्हायकाउंट’ या उमरावी किताबाला ‘व्हिस्काउंट’ म्हणणारा निवेदक तिथेच नापास. ड्यूकला, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या उमरावाला, ‘माय लॉर्ड’ म्हटलेलं ऐकू आलं तर ती चूक बहुधा लेखकाची. ड्यूकला ‘युवर ग्रेस’ म्हणतात, बरोबरीचे उमराव नुसतं ‘ड्यूक’. कथेचा काळ 1811 ते 1820, त्यात आगगाडीचा प्रवास आला तर पुस्तक मिटा.

एकाच बाईने सगळे पुरुष वाचले तर बिघडत नाही. घसा ओढून काढलेला जाडा आवाज मात्र दहा तास सोसत नाही. बोलण्याची लय बदलणारी निवेदिका निवडा.

लांबीही बघा: तासाला साधारण 9,000 शब्द, म्हणजे 90,000 शब्दांना दहा तास. चारच तासांचं असेल तर संक्षिप्त आवृत्तीची शंका घ्या. कात्री बहुतेक वेळा पत्रांवर आणि थट्टामस्करीवर चालते, आणि खरी मजा तर त्यातच. ऐकण्याचा वेग 1.25 पटीच्या पुढे नको.