एमजीबीच्या मीटरमधला उजेड: आधी अर्थिंग, मग एलईडी

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये रात्री स्पीड काट्यावरून कळेना, इंजिनच्या आवाजावरून ओळखावा लागतो, असं झालं की बहुतेकजण थेट एलईडी मागवतात. जरा दम धरा. माझी एमजीबी १९७२ ची, इथे इंग्लंडात रोजच्या वापरातली. तिच्या स्मिथ्स कंपनीच्या मीटरमध्ये ९८७ नंबरचे २.२ वॉटचे, आटे असलेले बल्ब बसतात. ते मंदच आहेत, मान्य. पण अर्थिंगच्या, म्हणजे बल्बमधला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडांवरचा पन्नास वर्षांचा गंज त्यांना तेवढाही उजेड पाडू देत नाही.

म्हणून पहिलं हत्यार मल्टीमीटर. बॅटऱ्या सीटच्या मागे, ६ व्होल्टच्या दोन. तेव्हा निगेटिव्ह टर्मिनलपासून लांब वायर पुढे ओढून घ्या. साइडलाइट लावा. मल्टीमीटरचं एक टोक त्या वायरला, दुसरं मीटरच्या पत्र्याला. आकडा जवळपास शून्य हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थिंग गेलंय समजा. मग बल्बचा एक होल्डर ओढून काढा (तो नुसता दाबून बसवलेला असतो) आणि बाकीचे दिवे चालू ठेवून त्याच्या मधल्या टोकावरचा व्होल्टेज बघा. बॅटरीपेक्षा दोन व्होल्ट कमी? मग उजेड कमी-जास्त करायच्या रिओस्टॅटवर संशय घ्या. कायम फुल उजेडच ठेवत असाल तर त्याच्या लाल आणि लाल-पांढऱ्या वायरी एकमेकींना जोडून टाका. पैसे शून्य.

यापुढे हात घालण्याआधी बॅटरीची वायर सोडा. मीटरच्या मागच्या खाचांच्या नटाखाली काळी वायर असते, ती अर्थची. तिचं टोक आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. होल्डरच्या कडाही घासा. स्पीडोमीटर आणि आरपीएमचं मीटर खुशाल बाहेर काढा, पण ऑइल-टेंपरेचरच्या जोडमीटरला ओढू नका. त्याला इंजिनकडून ऑइलची खरीखुरी नळी येते आणि टेंपरेचरची केसासारखी बारीक तांब्याची नळी. ती मोडली की मीटर गेलं. त्याचा होल्डर मागून चाचपडत काढायचा. मनगट सोलवटतं, इलाज नाही.

एवढ्यावर काम भागलं तर उत्तमच. नाही भागलं तर एलईडी. ई-१० (जुन्या बल्बच्याच मापाच्या) आट्यांचे, वॉर्म व्हाइट आणि चहूबाजूंनी उजेड टाकणारे घ्या. फक्त टोकातून प्रकाश फेकणारे घेतले की डायलवर एक ठिपका लख्ख आणि बाकी काळोख. निळसर पांढरे तर नकोच; त्या डायलला मोबाइलच्या दुकानाची कळा येते. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक पत्र्याला जोडलेल्या; त्यांच्यात साधे एलईडी पेटणारच नाहीत. प्लस-मायनस कसंही जोडलं तरी चालणारे मागा.

एक दिवा मात्र बदलू नका: चार्जिंगचा लाल. त्या फिलामेंटमधून जाणारा करंटच अल्टरनेटरला सुरुवातीला जागा करतो. तिथे एलईडी लावला तर करंट पुरत नाही आणि चार्जिंग उशिरा सुरू होतं, कधी होतच नाही.

सगळं जोडून झालं की बॅटरी लावा, इंजिन चालू करा आणि किंचित रेस द्या. लाल दिवा विझायला हवा आणि बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत.