परिषदेत नवे उत्पादन सादर करण्यापूर्वी

सप्टेंबर २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे, टेकक्रंच या तंत्रज्ञानविषयक वृत्तसंकेतस्थळाशी संबंधित टेकक्रंच५० या परिषदेत फिटबिट या तेव्हाच्या नवख्या कंपनीने कपड्याला अडकवता येणारे, पावले मोजणारे उपकरण जाहीर केले; प्रत्यक्षात ते ग्राहकांच्या हाती पडायला २००९ ची अखेर उजाडली. नमुना तयार होणे आणि माल तयार होणे यांत किती अंतर असते, हे यावरून लक्षात येते. म्हणून परिषदेची तारीख ठरवण्याआधी पहिला माल कधी पोहोचवता येईल हे ठरवावे, आणि तो अंदाज उत्पादकाशी बोलून, सुटे भाग मिळण्याचा कालावधी धरून लेखी मांडावा.

परिषद निवडताना तिच्या नावलौकिकापेक्षा तेथे आपला ग्राहक येतो का, हे पाहावे. जमिनीतील ओलावा मोजणारे यंत्र बनवणाऱ्याला गुंतवणूकदारांच्या मेळाव्यात टाळ्या मिळतील, पण पुण्याजवळ मोशी येथे भरणाऱ्या किसान प्रदर्शनात ते यंत्र हातात घेऊन ‘हे पावसात चालेल का?’ असे विचारणारा शेतकरी भेटेल, आणि पहिल्या वर्षी त्या प्रश्नाचे मोल माझ्या मते अधिक आहे.

यानंतरची गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि तिची भरपाई नंतर करता येत नाही, म्हणून ती सविस्तर सांगतो. उत्पादनात पेटंट मिळण्याजोगे काही असेल, तर व्यासपीठावर जाण्यापूर्वीच अर्ज दाखल करावा. शोध सर्वांसमोर उघड झाला की त्याचे नावीन्य संपले, असे कायदा सर्वसाधारणपणे मानतो. भारताच्या पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३१ मध्ये प्रदर्शनात मांडलेल्या शोधासाठी १२ महिन्यांची सवलत आहे. परंतु ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती असल्यामुळे आपल्या परिषदेला ती लागू होईल, असे गृहीत धरू नये. अमेरिकेत संशोधकाने स्वतः केलेल्या प्रकटीकरणासाठी वर्षभराची मुभा असली, तरी युरोपात ती जवळजवळ नाहीच. संपूर्ण तपशील तयार नसेल तर भारतात तात्पुरत्या विवरणासह, म्हणजे शोधाच्या प्राथमिक वर्णनासह, अर्ज करता येतो. पूर्ण विवरण त्यानंतर १२ महिन्यांत द्यावे लागते. मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन अर्जासाठी मूळ शुल्क १,६०० रुपये पडते, तर मोठ्या कंपनीला ८,०००. वकिलाचा खर्च वेगळा असला, तरी ही रक्कम स्टॉलच्या भाड्याच्या मानाने किरकोळ आहे. तात्पुरत्या विवरणात मात्र व्यासपीठावर दाखवणार असलेली प्रत्येक गोष्ट आलीच पाहिजे, कारण जे त्यात नाही त्याला त्या अर्जाच्या तारखेपासूनचे संरक्षण मिळत नाही.

प्रात्यक्षिक इंटरनेटवर अवलंबून ठेवू नये. सभागृहात हजारो फोन एकाच वेळी सुरू असतात. वाय-फाय आणि ब्लूटूथ ही दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करत असल्याने कार्यालयात सुरळीत जोडले जाणारे उपकरण तेथे जोडले जाईलच, असे नाही. आयोजकांकडे तारेची जोडणी मागावी, आवश्यक माहिती उपकरणातच साठवावी, आणि अडचण आलीच तर दाखवण्यासाठी चित्रफीत जवळ ठेवावी; ती दाखवताना मात्र हे आधीचे चित्रण आहे, असे स्पष्ट सांगावे.

टेकक्रंचच्या स्टार्टअप बॅटलफील्ड स्पर्धेत सादरीकरणाला सहा मिनिटे असतात आणि त्यानंतर परीक्षक प्रश्न विचारतात. एवढ्या वेळात एकच अडचण आणि तिच्यावरचा एकच उपाय नीट सांगता येतो. पहिल्या मिनिटात वस्तू चालू करून दाखवावी, कंपनीचा इतिहास शेवटी ठेवावा, आणि सरावाच्या वेळी या क्षेत्रातल्या नसलेल्या व्यक्तीला समोर बसवून तिला कोठे समजले नाही ते टिपावे. किंमत विचारली असता आकडा सांगता आला पाहिजे.

स्टॉलवर किमान दोघे असावेत, म्हणजे एक जण बोलत असताना दुसऱ्याला नोंदी करता येतील. फोन क्रमांक घेताना तो कशासाठी वापरणार हे सांगून संमती घ्यावी, आणि त्याच्यापुढे त्या व्यक्तीने विचारलेला प्रश्न तिच्याच शब्दांत लिहावा. आगाऊ पैसे घेतले असतील तर पावतीवर वस्तू देण्याची तारीख आणि पैसे परत करण्याची अट छापलेली असावी. परिषद संपल्यावर आठवडाभरात क्रमांक दिलेल्या प्रत्येकाला फोन करावा, आणि वस्तू देण्याची तारीख पुढे जाणार असेल तर तेही त्याच फोनवर सांगावे.