बेरीज जुळली, रायफली नव्हत्या

शस्त्रागाराच्या तपासणीवर पहिल्यांदाच जाणार असाल तर बेरीज जुळली म्हणून थांबू नका. मी थांबलो होतो.

नोंदवहीत १२० रायफली होत्या. रॅकवर ११८ आणि दोन चिठ्ठ्या: ‘दुरुस्तीसाठी कार्यशाळेत’. हिशेब जुळला, मी सही केली. चिठ्ठ्यांवरची तारीख मी वाचली होती, पण साध्या दुरुस्तीला अकरा आठवडे कशाला लागतील, हा प्रश्न मला पडला नाही. पुढच्या तपासणीत कुणीतरी कार्यशाळेची वही उघडली. दोन्ही रायफली मी सही करण्याआधीच दुरुस्त होऊन परत गेल्या होत्या. कार्यशाळेत नाहीत, रॅकवरही नाहीत, आणि सगळं जागेवर आहे असं सांगणारा कागद माझ्या सहीचा! एक पुढे सापडली. दुसरी कुणाच्या हातात गेली, हा विचार अजून झोप उडवतो.

म्हणून चिठ्ठी हातात आली की ती रायफल म्हणून मोजू नका. चिठ्ठी जिथे बोट दाखवते तिथे त्याच दिवशी जा, तिथली वही बघा, हत्यार बघा. विकणारा माणूस आतलाच असतो, त्याला कुलूप फोडावं लागत नाही. तो हत्यार अशा रकान्यात टाकतो जिकडे कुणी फिरकत नाही: दुरुस्तीला, प्रशिक्षणासाठी उसनं, बदलीच्या वाटेवर. ‘बाद’ हा रकाना तर सगळ्यांत वाईट. निकामी ठरवून वहीतून कमी केलेलं हत्यार प्रत्यक्ष कापलं जाईपर्यंत कुणाच्याच हिशेबात राहत नाही. कापताना समोर उभे राहा.

क्रमांक स्वतः वाचा, आणि तो मुख्य सांगाड्यावरचा. बॅरल, बोल्ट बदलता येतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००५ च्या, बेकायदा हत्यारांचा माग काढण्याविषयीच्या दस्तऐवजातही खूण अशाच मूळ भागावर असावी असं म्हटलं आहे. कोठीवाला वहीतून क्रमांक वाचतोय आणि तुम्ही मान डोलावताय, ही तपासणी नाही. तुम्ही रॅकवरून वाचा, त्याला वहीत शोधू द्या. स्कॅनरवर माझा फारसा विश्वास नाही. तो स्टिकर वाचतो, पोलाद वाचत नाही.

‘माझी माणसं खात्रीची आहेत’ म्हणणाऱ्या वरिष्ठाकडून हे काम शिकू नका. दोन किल्ल्या दोघांकडे ठेवणं आणि कोठीवाला ठरावीक काळाने बदलणं याने प्रामाणिक माणसाचंच रक्षण होतं.

१९९७ मध्ये अल्बानियात शस्त्रागारं लुटली गेली आणि पाच लाखांहून अधिक हत्यारं बाहेर पडली. ती लूट जगाला दिसली. एकेक करून जाणारी हत्यारं फक्त तपासणाऱ्यालाच दिसू शकतात.

घाबरू नका. पहिल्या काही तपासण्यांत वेळ लागेल, लोक कंटाळतील, तुम्हाला संशयी म्हणतील. लागू द्या वेळ. हात सरावतो.

आणि एखादं हत्यार कमी भरलं तर ‘सापडेल संध्याकाळपर्यंत’ हे ऐकून घेऊ नका. दार बंद करा, वह्या ताब्यात घ्या, क्रमांक त्याच तासाला लेखी वर कळवा. कळवलेलं खोटं ठरलं तर एक कागद रद्द होईल, एवढंच.